मागच्या ओळीतला ठोकळा

शेवटचा माणूस आला नाही, म्हणून शिट्टीबाईंनी मला शेवटचा माणूस केलं. हा एक हुद्दा आहे. कॅन्सरच्या पेशंटांसाठी आणि त्यातून बऱ्या झालेल्यांसाठी आमच्या इस्पितळातर्फे दरवर्षी पाच किलोमीटरची चाल असते. तिच्यात सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक नारिंगी जाकीट घालून चालतो. त्याने कोणाच्याही पुढे जायचं नाही. पुढचा थांबला की थांबायचं, तो बसला की उभं राहायचं. त्याच्या पाठीमागून माणसं रस्त्यातले अडथळे उचलत येतात आणि गाड्या सोडतात. तो मैदानात पोचला की कमान उतरवतात आणि सगळे घरी जातात. मी सहा वर्षं तिसऱ्या टेबलावर पाणी देत आलोय. पेला भरायचा, पुढे करायचा, वर बघायचं नाही. ते काम मला जमतं. 'पाणी कोणीही देईल,' शिट्टीबाई म्हणाल्या. त्या शाळेत खेळ शिकवायच्या; निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी उतरलेली नाही. 'तुम्ही मुळातच सावकाश चालता, मी बघून ठेवलंय.' मी जाकीट चढवलं. ते पोटावर घट्ट आणि खांद्यावर ढगळ बसत होतं, आणि ते खालीवर ओढत असतानाच मैदानाच्या फाटकातून माझी वहिनी आत येताना दिसली.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. बरी होऊन तिला अडीच वर्षं झाली, दर वर्षी मी निरोप द्यायचा आणि दर वर्षी तिने 'बघू' म्हणायचं, असं आमचं ठरून गेलं होतं. खरं सांगायचं तर ती 'बघू' म्हणाली की मला हायसं वाटायचं. आता ती नोंदणीच्या टेबलापाशी उभी होती आणि तिथली मुलगी तिला जांभळा शर्ट देत होती. बरे झालेल्यांना जांभळा, सोबत आलेल्यांना पांढरा. वहिनीने पांढरा मागून घेतला. मी जवळ गेलो तेव्हा तो अंगातल्या कपड्यांवरूनच डोक्यातून घालत ती म्हणाली, 'जांभळा घातला की लोक टाळ्या वाजवतात, भाऊजी. मी केलंय काय? पडून राहिले.' मग माझं जाकीट पाहून तिने भुवया उडवल्या. 'बढती झाली वाटतं.' मी म्हटलं, 'झाली.' दादा कुठे म्हणून विचारलं तर तो फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या बाकावर बसला होता. आत यायला नाही म्हणाला. तिथेच थांबेन आणि तू आलीस की घरी जाऊ, म्हणाला. इथून तो दिसत होता. गुडघ्यांवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. हात हलवून बोलवावं असं मनात आलं, पण मी हलवला नाही.

शिट्टी वाजली आणि सगळे निघाले. पहिला अर्धा किलोमीटर गर्दीत गेला, मग रांग लांबत गेली. स्टेडियमच्या भिंतीपाशी येईपर्यंत वहिनी सगळ्यांच्या मागे पडली आणि तिच्या मागे मी. औषधांनी तिचे तळपाय बधिर झालेत. पाऊल जमिनीला टेकलं की नाही ते तिला कळत नाही, म्हणून ती खाली बघत, एकेक पाऊल डोळ्यांनी टेकवत चालते. घरात ती भिंतीला हात लावून चालते ते मी पाहिलं होतं, पण इतका वेळ, इतक्या मागून पाहिलं नव्हतं. पांढऱ्या शर्टाची घडी पाठीवर तशीच होती. मी तिच्या दोन हात मागे राहिलो. शेजारी चालायला नियमाची काही आडकाठी नव्हती, फक्त पुढे जायचं नव्हतं. तरी मी मागेच राहिलो, आणि तिनेही वळून बोलावलं नाही. माझ्या मागे दोघं जण लोखंडी अडथळे उचलून टेम्पोत टाकत होते, त्याचा खडखडाट ठराविक अंतराने यायचा. त्या आवाजावर चालणं बरं वाटत होतं. डोक्यात काहीच येत नव्हतं. गेली तीन वर्षं बहुतेक वेळ असंच चाललंय. माणसं विचारतात कसं काय, मी म्हणतो ठीक, आणि ते खोटंही नसतं.

मी लॅबमध्ये काम करतो. ऑपरेशनमध्ये किंवा सुईने काढलेला शरीराचा तुकडा औषध भरलेल्या बरणीतून आमच्याकडे येतो. औषधात तो नीट मुरला की आम्ही तो मेणात बसवतो, त्याचा बोराएवढा ठोकळा होतो. त्या ठोकळ्याचे मी मशीनवर काप काढतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि ते काचेच्या पट्टीवर घेऊन रंगवून डॉक्टरीणबाईंकडे देतो. त्या सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि काय ते लिहितात. लिहिणं माझं काम नाही. बावीस वर्षांत किती माणसं ह्या हातांतून गेली असतील, आणि त्यांतलं एकही तोंड मला माहीत नाही. लोकांना वाटतं अशा कामाचा त्रास होत असेल. होत नाही. ठोकळ्याला नंबर असतो. वहिनीच्या ठोकळ्यालाही नंबर होता, पण त्या दिवशी बरणीबरोबरचा कागद मी उघडला आणि वर तिचं नाव होतं, खाली वय. त्याच्या आदल्या संध्याकाळी दादाचा फोन आला होता की तिच्या छातीतली गाठ काढलीय, छोटंसंच ऑपरेशन होतं, ती घरी आलीय आणि टीव्ही बघतेय. छोट्या दवाखान्यांत बरणी नातेवाइकांच्याच हातात देतात, तशी ती दादाच्या हातात दिली होती. दादा दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन खिडकीत देऊन गेला. मी आत होतो, आमची भेट झाली नाही.

तुकडा मी मेणात बसवला. इतकी वर्षं हे काम केल्यावर बसवताना हाताला थोडंफार कळतं. खात्री नसते, पण कळतं. ठोकळे ट्रेमध्ये ओळीने लावतात आणि सकाळी पुढच्या ओळीपासून कापायला घेतात. मी तिचा ठोकळा मागच्या ओळीत ठेवला. ठरवून ठेवला असं मला म्हणता येत नाही; हाताने ठेवला. दुसऱ्या दिवशी नवे ठोकळे आले, ते पुढे लावले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मागची ओळ पुढे सरकायला लागली की मी तो ठोकळा उचलून परत मागे न्यायचो आणि त्याच्याकडे न बघता दुसऱ्याचे काप काढायचो. मी कापत नाही तोवर वहिनीला काही झालेलं नाही, असं मला वाटत होतं. हे आता लिहिताना किती खुळचट दिसतं, पण तेव्हा ते मला शांतपणे, अगदी हिशेबासारखं पटलं होतं. मी आठवीत होतो तेव्हा ती आमच्या घरी आली. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, दादाला भात शिजवता येत नव्हता आणि मला गणित येत नव्हतं. तिला दोन्ही येत होतं. एवढ्याशा पोराला ती पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणायची, आणि माझे कान लाल झाले की दादाला हाका मारून दाखवायची. तर असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. 'हा ठोकळा कुठाय?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'तुकडा नीट मुरला नव्हता, परत औषधात घातला होता.' असं कधीकधी होतं. तोवर मी त्यांच्याशी कधीच खोटं बोललो नव्हतो, म्हणून त्या 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. मग मी कापला. त्याच संध्याकाळी त्यांनी लिहिलं.

पुलाच्या चढावर वहिनी थांबली. कठड्याला धरून उभी राहिली. खाली पाणी होतं, त्यात एक बदक उगाचच गोल फिरत होतं. मी थांबलो. मागे टेम्पो थांबला. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, 'काका, गाडी बोलवू का? बसवून नेता येतं.' वहिनीने न वळताच हात हलवला. 'चालीला आलेय ना मी.' मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, 'भाऊजी, इकडे या जरा. मागे काय उभे राहता पोलिसासारखे.' मी शेजारी जाऊन कठड्याला टेकलो. मी आता तिच्या बरोबरीने होतो, पुढे नव्हतो.

'मी आज चालायला आले नाही,' ती म्हणाली. 'म्हणजे आले, पण तुमच्याशी बोलायला आले. घरी हे असतात, आणि लॅबमध्ये तुम्ही भेटत नाही. भेटलात तरी हातमोजे घालून भेटता.' मी बदकाकडे बघत होतो. 'ह्यांनी गाडी का विकली, माहितीय?' मी म्हटलं, 'खर्च परवडत नाही म्हणाला होता.' 'खर्च कसला. ह्यांना त्या गाडीत बसवत नव्हतं. तुम्हाला माहितीय का, ती बरणी ह्यांनी रात्रभर गाडीत ठेवली होती? दवाखान्यातून मला घरी आणलं, मला चक्कर येत होती, त्या गडबडीत बरणी मागच्या सीटवर राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आठवण झाली. आणि मग रिपोर्टला उशीर झाला. तर ह्यांच्या डोक्यात बसलंय की आपल्यामुळे तुकडा खराब झाला, आपल्यामुळे उशीर झाला, आणि उशिरामुळे ते काखेपर्यंत गेलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं काही नसतं, दहा-पंधरा दिवसांनी काही फरक पडत नाही. ऐकतात आणि मान डोलावतात. दुधाची पिशवीसुद्धा पाच मिनिटं ओट्यावर राहू देत नाहीत. माझ्याकडे बघतात तेव्हा असे बघतात, जसं काही मी उधार दिलेली वस्तू आहे आणि त्यांच्या हातून फुटलीय. तीन वर्षं मी हे बघतेय. आजारपणाचं मला काही वाटत नाही आता, पण ह्याचं वाटतं.' मग ती माझ्याकडे वळली. 'तुम्ही लॅबमधले. तुम्ही सांगा त्यांना, गाडीत राहिल्याने काही होत नाही म्हणून. डॉक्टरांचं नाही ऐकत, धाकट्या भावाचं ऐकतील.'

ती जे सांगत होती ते मला नवं नव्हतं. सातव्या-आठव्या दिवशी दादाचा लॅबमध्ये फोन आला होता. मी मशीनपाशी होतो, फोन खांद्याने कानाशी धरला होता. 'अरे, रिपोर्टचं काय?' मी म्हटलं, 'तुकडा नीट मुरला नाहीये, परत घातलाय.' डॉक्टरीणबाईंना सांगायच्या आधीच मी दादाला तेच सांगितलं होतं. त्यांच्यापुढे मी ते दुसऱ्यांदा वापरलं. दादा म्हणाला, 'रात्रभर गाडीत राहिली होती रे बरणी. त्यामुळे असेल का?' आणि मी म्हटलं, 'हं.' एवढंच. गाडीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. ते मला माहीत होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, आणि दादा 'बरं, बघ मग' म्हणून फोन ठेवून मोकळा झाला. मोकळा कसला. त्या एका 'हं'वर तो तीन वर्षं राहतोय. मी दर रविवारी त्यांच्याकडे जातो, त्याच्यासमोर बसून चहा पितो. तो पेला धुऊन लगेच पुसून ठेवतो, मी बघतो आणि मला काही वाटत नाही. वाटायला हवं हे कळतं. पण ते कळणं आणि वाटणं ह्यांच्या मध्ये काहीतरी जाड बसलेलं आहे.

आता मला सोपी वाट दिसत होती. वहिनीनेच ती दाखवली होती. मैदानात जायचं, बाकावर दादाशेजारी बसायचं आणि लॅबमधल्या माणसाच्या आवाजात सांगायचं की गाडीत राहून काही होत नाही. खरंच होतं ते. पण दादा विचारणार, मग उशीर का झाला? तो हे विचारेल ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आणि दुसरं खोटं माझ्याजवळ तयार नव्हतं. बदक अजून फिरत होतं. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. मी म्हटलं, 'वहिनी, उशीर माझ्यामुळे झाला.'

मग मी सांगत गेलो. ट्रे, मागची ओळ, अकरा दिवस, डॉक्टरीणबाई, दादाचा फोन. क्रमाने सांगितलं. सांगताना माझा आवाज कापला नाही. एखाद्या नव्या मुलाला मशीन समजावून सांगतात तसं सांगितलं. संपल्यावर ती कठड्यावरचा एक रंगाचा पोपडा नखाने उचकटत होती. 'अकरा दिवस,' ती म्हणाली. 'हो.' 'मला ते दिवस चांगले आठवतात. उशीर होतोय म्हणजे काही नसणार, असं मी सगळ्यांना सांगत होते. कपाटं आवरली. शेजारच्या काकूंना म्हटलं, वाईट असतं तर एव्हाना कळवलं असतं, माझा दीर आहे ना तिथे.' तिने पोपडा खाली टाकला. 'माझा दीर आहे ना तिथे,' पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, 'मला तुला काही होऊ द्यायचं नव्हतं.' 'ते कळलं मला,' ती म्हणाली. 'तेवढं कळण्याइतकी मी तुम्हाला ओळखते. त्या अकरा दिवसांचं मी बघेन. तुमच्याशी बोलायचं की नाही, रविवारी दार उघडायचं की नाही, माझं मी ठरवेन, आज काही विचारू नका. पण ती तीन वर्षं माझी नाहीत, भाऊजी. ती मला माफ करता येणार नाहीत. ती ज्यांची आहेत त्यांना जाऊन सांगा.'

मी म्हटलं, सांगतो. 'कधी?' 'आज. तू पोचलीस की तिघं बसून—' 'तिघं नाही. मी समोर असले की हे माझ्याकडे बघून म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं. त्यांना माझ्यापुढे चिडतासुद्धा येत नाही आता. मी यायच्या आत सांगा.' मी म्हटलं, 'वहिनी, मला तुझ्या पुढे जाता येत नाही. मी शेवटचा आहे.' हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे रोखून बघायला लागली, आणि त्या बघण्यात राग होता. तो चांगला, धडधडीत राग होता. मला तो हवा होता, पण ते कळायला मला तीन वर्षं लागली. 'तुमचं हे असंच,' ती म्हणाली. 'नेहमी कोणाच्या तरी मागे उभं राहायचं आणि म्हणायचं, नियम आहे. द्या ते जाकीट इकडे.' मी दिलं. पांढऱ्या शर्टावर तिने ते चढवलं, चेन लावताना बोटं अडखळली, मी मदतीला हात पुढे केला तर तिने तो बाजूला केला. मग टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं, 'दादा, आता मी शेवटची. माझ्या मागून या. घाई करू नका.' 'काही घाई नाही, ताई,' तो म्हणाला. त्याला ह्यातलं काही विचित्र वाटलेलं दिसलं नाही.

मी पूल उतरलो. उरलेलं अंतर दीड किलोमीटर असेल. बाजाराच्या रस्त्याला अजून अडथळे होते, दुकानं उघडत होती, एक न्हावी दारात उभा राहून आरसा पुसत होता. पुढे गेलेल्यांनी टाकलेले कागदी पेले रस्त्यात लोळत होते. तिसऱ्या टेबलावर माझ्या जागी लॅबमधली झाडूवाली मावशी उभी होती, तिने पेला पुढे केला, मी घेतला आणि प्यायलो. पाणी कोमट होतं. इतक्या वर्षांत मी त्या टेबलावरचं पाणी कधी प्यायलो नव्हतो. छातीत धडधडत होतं, चालण्यामुळे असेल असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की मी घाबरलोय. चांगलाच घाबरलो होतो, लहानपणी काच फोडून घरी यायचो तसा. तळहातांना घाम आला होता. मी ते पँटला पुसले, तर ते पुन्हा ओले झाले.

मैदानाच्या तोंडाशी शिट्टीबाईंनी मला अडवलं. 'तुम्ही इथे कसे? जाकीट कुठाय?' मी म्हटलं, 'मागे एक बाई आहे. जाकीट तिच्याकडे आहे. कमान उतरवू नका.' त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शिडीवर चढलेल्या माणसाला खाली उतरायची खूण केली. मी फाटकातून बाहेर आलो, रस्ता ओलांडला. दादा मला पाहून उठला. 'ही कुठाय? पडली का?' 'नाही. येतेय. बरीय. बस तू.' तो बसला, पिशवी परत गुडघ्यांवर घेतली. मी शेजारी बसलो. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झालेत आणि एका बाजूला कापायचे राहिलेत. मला वाटलं होतं, आधी काहीतरी इकडचं तिकडचं बोलता येईल, पण तोंडातून तेच आलं. 'दादा, वहिनीचा रिपोर्ट मी अडवला होता. ठोकळा अकरा दिवस माझ्याकडे होता. मी कापला नाही. मला भीती वाटली.'

तो समोर बघत राहिला. रस्त्यावरून एक बस गेली, मग दुसरी. मला वाटलं तो उठेल, किंवा मारेल. लहानपणी त्याने मला दोनदाच मारलं होतं आणि दोन्ही वेळा नंतर स्वतःच रडला होता. तो हललाच नाही. मग अगदी हळू, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, 'म्हणजे गाडीमुळे नव्हतं?'

'नव्हतं.'

'रात्रभर होती रे गाडीत.'

'तुकडा बरणीतल्या औषधात होता, दादा. तो रात्रभर तसा ठेवावाच लागतो, तरच नीट मुरतो. तू लगेच आणून दिली असतीस तरी आम्ही ती रात्रभर तशीच ठेवली असती.' माझा आवाज आता कापत होता आणि मला तो थांबवता येत नव्हता. 'तुझ्या हातून काहीच चुकलं नव्हतं. अगदी छान मुरला होता तो.'